उत्तरेतील वणवे: झाडे परत येतात, पण जमिनीतील कार्बन परत येतो का?

विचारलेले प्रश्न दोन आहेत. अलास्का, कॅनडा आणि सायबेरियातील जंगले हजारो वर्षे जळत आणि पुन्हा उगवत आलेली आहेत. मग जळताना सुटलेला कार्बन नव्या झाडांनी परत शोषला की हिशेब पूर्ण होत नाही का, हा पहिला. आणि तो पूर्ण होत नसेल तर हे वणवे सरसकट विझवत का नाहीत, हा दुसरा.

माझे काम मातीचे आहे. अलास्काच्या अंतर्भागात आणि कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये जळालेल्या जंगलांची जमीन खणण्यात, तिचे चौकोनी तुकडे कापून वाळवण्यात आणि तोलण्यात माझे बरेच उन्हाळे गेले आहेत. त्यामुळे उत्तर मी जमिनीपासून सुरू करतो, आणि माझ्या मते ते तिथूनच सुरू व्हायला हवे, कारण पहिल्या प्रश्नातील गृहीतक झाडांपुरते जवळजवळ बरोबर असले तरी या जंगलांत जळणारा बहुतांश कार्बन झाडांमधला नसतो.

मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर वणवा म्हटले की सह्याद्रीच्या उतारावरचे फाल्गुन-चैत्रातले वाळलेले गवत आणि पानगळीच्या झाडांखालचा पाचोळा येतो. तो पाचोळा एका वर्षाचा, फार तर दोन वर्षांचा असतो. उरलेला वाळवी, बुरशी आणि पावसाळा मिळून संपवून टाकतात. आग त्यावरून धावत जाते आणि खालची माती फार खोलवर जळत नाही, कारण तिच्यात जळण्यासारखे थोडेच असते. बोरियल जंगलात, म्हणजे ज्याला तैगा असेही म्हणतात त्या उत्तरेच्या सूचिपर्णी पट्ट्यात, परिस्थिती अगदी वेगळी आहे. तेथे जमीन वर्षातले बरेच महिने गोठलेली असते आणि उन्हाळ्यातही थंड व ओली राहते, त्यामुळे शेवाळ, सुया, बारीक मुळे आणि काटक्या कुजण्याचा वेग त्या साचण्याच्या वेगापेक्षा कमी असतो. ब्लॅक स्प्रूस या तेथील सूचिपर्णी झाडाच्या जंगलात चालताना पाय गादीत रुतल्यासारखा खाली जातो. ती गादी वीस-तीस सेंटिमीटर जाड असणे नेहमीचे आहे, आणि पाणथळ जागी ती याहून पुष्कळ जाड असते. अनेक ठिकाणी तिच्याखाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षे न वितळलेली जमीन असते.

या जंगलाला आग लागते तेव्हा छायाचित्रांत शेंड्यांवरून उसळणाऱ्या ज्वाळा दिसतात. त्या काही मिनिटांत पुढे निघून जातात. शेवाळाचा थर मात्र त्यानंतर ज्वाळेविना धुमसत राहतो, कधी दिवस तर कधी आठवडे, आणि कार्बनचा मोठा वाटा त्या धुमसण्यातून जातो. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये २०१४ साली २८ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले. तेथे नंतर केलेल्या मोजमापांत दर चौरस मीटरमागे सरासरी तीन किलोंहून अधिक कार्बन गेल्याचे आढळले, आणि त्यातला बहुतेक जमिनीच्या या वरच्या थरातून गेला होता. खोडे तर बहुधा काळवंडून उभीच राहतात. त्यांतले लाकूड पुढे अनेक वर्षे हळूहळू कुजते.

जे जळून गेले ते मोजायचे कसे, ही या संशोधनातील मूळ अडचण आहे, आणि तिच्यावर शोधलेली तोड मला आजही सुंदर वाटते. ब्लॅक स्प्रूसच्या बुंध्याभोवती शेवाळ जसजसे वर चढत जाते, तसतसे झाड खोडालाच नवी मुळे फोडते. वनस्पतिशास्त्रात त्यांना आगंतुक मुळे म्हणतात. ही मुळे शेवाळाच्या पृष्ठभागाखाली थोड्याच अंतरावर असतात. आगीने थर खाली गेला की ती उघडी पडून खोडाला लोंबताना दिसतात. सर्वांत वरच्या मुळापासून उरलेल्या जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे, न जळालेल्या शेजारच्या जंगलात ही मुळे पृष्ठभागाखाली किती खोल असतात ते मोजून त्यात मिळवायचे, म्हणजे किती सेंटिमीटर जळाले ते कळते. मग तेवढ्या जाडीच्या न जळालेल्या थराचे वाळलेले वजन आणि त्यातले कार्बनचे प्रमाण यांवरून नुकसानीचा हिशेब मांडता येतो. एका भूखंडात दहा-पंधरा झाडांभोवती हे करावे लागते, कारण दोन पावलांवर थर पाच सेंटिमीटर जळालेला असतो आणि तिसऱ्या पावलावर थेट खनिज मातीपर्यंत. उपग्रहाच्या प्रतिमांवरून आगीची तीव्रता काढणारे निर्देशांक उपयोगी आहेत, परंतु ते प्रामुख्याने वरच्या पर्णभारातील आणि पृष्ठभागावरील बदल टिपतात. जळालेल्या थराच्या खोलीशी त्यांचा संबंध कच्चा आहे. म्हणूनच हेलिकॉप्टरने उतरून गुडघ्यांवर बसून मोजण्याला अजून पर्याय सापडलेला नाही.

आता पहिल्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. समजा, एखाद्या जंगलात दोन वणव्यांमध्ये शंभर वर्षांचे अंतर आहे, आणि प्रत्येक वणव्यात त्या शंभर वर्षांत साचलेल्या थराचा वरचाच भाग जळतो. अशा वेळी तळाशी प्रत्येक फेरीत थोडा कार्बन शिल्लक राहतो, तो पुढच्या शेवाळाखाली गाडला जातो आणि हजारो वर्षांत त्याचा मोठा साठा होतो. बोरियल जंगले वणवे सोसूनही कार्बन साठवत आली ती याच कारणाने. पूर्वीच्या वणव्यांतून वाचलेल्या या जुन्या साठ्याला संशोधक वारसा कार्बन म्हणतात. तो जळू लागला तर नव्या झाडांनी पुढच्या शंभर वर्षांत शोषलेला कार्बन केवळ शेवटच्या फेरीची भरपाई करील, वारशाची नाही.

२०१४ च्या त्याच वणव्यांनंतर हे प्रत्यक्ष तपासले गेले आणि निष्कर्ष २०१९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. दोनशेहून अधिक भूखंडांतील मोजमापांतून निवडक ठिकाणच्या थरांचे किरणोत्सारी कार्बनने वय काढण्यात आले. या पद्धतीला एका जुन्या घटनेचा हातभार लागतो: १९५० च्या दशकापासून १९६३ पर्यंत वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ चे, म्हणजे याच किरणोत्सारी कार्बनचे, प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले होते, त्यामुळे त्यानंतर वाढलेल्या शेवाळात ती खूण स्पष्ट सापडते आणि अलीकडच्या दशकांचे थर नेमके ओळखता येतात. आगीनंतर उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचे वय आणि झाडांची वर्तुळे मोजून काढलेले जंगलाचे वय यांची तुलना केली की वारसा जळाला का, हे ठरते. जुन्या जंगलांत तो बहुतांशी सुरक्षित होता. साठ वर्षांपेक्षा कमी वयाच्या जंगलांपैकी जवळजवळ निम्म्यांत मात्र तो जळाला होता, विशेषतः जेथे जमीन कोरडी होती तेथे. त्या एका वर्षात जळालेल्या अशा तरुण जंगलांपैकी सुमारे ३.४ लाख हेक्टरांत हे घडले असू शकते, असा अंदाज संशोधकांनी दिला. याचा अर्थ असा की धोका केवळ मोठ्या आगीत नाही. आग लवकर परत येण्यात आहे. थर पुन्हा जाड होण्याआधी दुसरा वणवा आला की तो तळाशी पोहोचतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण बातम्यांमध्ये सगळा भर तापमानावर असतो. पश्चिम उत्तर अमेरिकेतील ४१७ ठिकाणांची मोजमापे एकत्र करून २०२० साली झालेल्या अभ्यासात असे दिसले की एखाद्या जागी किती कार्बन जळेल हे त्या दिवसांच्या हवेपेक्षा तेथे किती इंधन उपलब्ध आहे यावर अधिक अवलंबून असते, आणि ते जंगलाचे वय, झाडांची जात आणि जमिनीतील पाण्याचा निचरा यांवरून ठरते. हवामान आग लागण्यासाठी आणि पसरण्यासाठी निर्णायक आहेच. उष्ण कोरडी हवा शेवाळातला ओलावा ओढून घेते, आणि अलास्का व नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधील मोठ्या वणव्यांच्या वर्षांत विजांनी लागलेल्या आगींचा वाटा वाढलेला आहे. पण आग तेथे पोहोचल्यावर जमीन किती देणार, हे जमिनीच्या पूर्वेतिहासावर ठरते.

वणवे नैसर्गिक आहेत हे विधान खरे आहे आणि मी ते कधीही नाकारत नाही. अलास्कातील युकॉन फ्लॅट्स भागात तळ्यांच्या गाळातील कोळशाचे कण मोजून गेल्या दहा हजार वर्षांतील आगींचा इतिहास काढण्यात आला आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अलीकडच्या दशकांतील जळण्याचा वेग दहा हजार वर्षांच्या मर्यादेबाहेर गेल्याचे दिसले. नैसर्गिक असणे आणि नेहमीच्या मर्यादेत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

झाडे परत येतात का, या प्रश्नाचे उत्तरही सरळ नाही. ब्लॅक स्प्रूसचे शंकू शेंड्यावर वर्षानुवर्षे राळेने अर्धवट बंद राहतात आणि आगीच्या धगीने उघडून जळालेल्या जमिनीवर बी टाकतात. म्हणजे हे झाड आगीची वाट पाहतच वाढलेले असते. त्याचे बी उथळ जळालेल्या शेवाळावरही तग धरू शकते. भूर्ज आणि ॲस्पेन या पानगळीच्या झाडांचे बी त्याहून हलके, वाऱ्यावर दूर जाणारे असते, पण त्याला उघडी खनिज माती लागते. आग उथळ गेली की स्प्रूसच्या जागी स्प्रूस येतो; खोल गेली की भूर्ज आणि ॲस्पेनला संधी मिळते. (ज्याच्या सालीवर आपल्याकडे ग्रंथ लिहिले गेले तो हिमालयातला भूर्ज याच कुळातला, हे तेथील पांढरी साल सोलताना मला दर वेळी आठवते.) उत्तर अमेरिकेतील दीड हजारांहून अधिक जळालेल्या भूखंडांच्या नोंदी २०२१ साली एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा पूर्वी ब्लॅक स्प्रूस असलेल्या ठिकाणांपैकी ६२ टक्क्यांत तो टिकून होता, तर १८ टक्क्यांत त्याचे एकही रोप उगवले नव्हते. आग लवकर परत आली तर शेंड्यावर पुरेसे शंकूच साठलेले नसतात, कारण तो साठा व्हायला काही दशके लागतात.

मग पानगळीची झाडे आली तर बिघडले काय, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न योग्य आहे. अलास्कात २००४ साली सुमारे २७ लाख हेक्टर क्षेत्र जळाले, नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासूनचे तेथील सर्वांत मोठे वर्ष ते. त्या वणव्यांतील ७५ ठिकाणांचा पाठपुरावा करून ‘सायन्स’मध्ये २०२१ साली जे मांडले गेले ते अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध होते. जेथे स्प्रूस जाऊन भूर्ज आणि ॲस्पेन आले, तेथे वाढ इतकी जलद होती की शंभर वर्षांच्या आगीच्या फेरीत तेथील कार्बनसाठा स्प्रूसच्या तुलनेत पाचपट होऊ शकतो आणि जळालेल्या कार्बनची भरपाई होऊन उरू शकतो. शिवाय या झाडांची पाने ओलसर असतात, ती सहज पेट घेत नाहीत. मी या निष्कर्षाला पूर्ण महत्त्व देतो. पण तो कार्बन लाकडात आहे, थंड जमिनीत नाही, आणि ती झाडे पुरती वाढण्याआधी पुन्हा जळणार नाहीत या अटीवर तो टिकतो. कॅरिबू हरणांसाठीही हा बदल साधा नाही. ती हिवाळ्यात जमिनीवरचे दगडफूल खाऊन जगतात, आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचेच ते भाईबंद, आणि जळाल्यावर ते पुरेसे परत यायला अनेक दशके जातात.

आणखी एक उलट बाजू आहे, जी प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. गडद स्प्रूसचे छत गेल्यावर वसंत ऋतूत तेथे उघडे बर्फ असते आणि ते सूर्यप्रकाश परत फेकते. अलास्कातील १९९९ च्या डॉनेली फ्लॅट्स वणव्याच्या जागी केलेल्या मोजमापांवरून २००६ साली असा हिशेब मांडला गेला की पहिल्या वर्षी वणव्याचा परिणाम तापवणारा असला, तरी ऐंशी वर्षांची सरासरी काढली तर तो किंचित थंडावा देणारा ठरू शकतो. त्या आकड्यातील अनिश्चितता जवळजवळ त्या आकड्याएवढीच होती, आणि जमिनीखालचे बर्फ वितळल्याने पुढे काय होते हे त्यात पुरते धरलेले नव्हते. माझ्या मते हा हिशेब आज एखाद्या जागेपुरता वापरावा. सगळ्या बोरियल पट्ट्याला तो लावणे घाईचे होईल.

पर्माफ्रॉस्टचा विषय म्हणूनच वेगळा घ्यावा लागतो. शेवाळाचा जाड थर उन्हाळ्यात उष्णता खाली जाऊ देत नाही. तो जळून काळा आणि पातळ झाला की दर उन्हाळ्याला जमीन अधिक खोल वितळते. हे मोजायचे साधन अगदी साधे आहे: खुणा केलेली पोलादी सळई जमिनीत दाबत न्यायची आणि गोठलेल्या थराला ती अडली की खोली वाचायची. काही ठिकाणी शेवाळ परत वाढल्यावर जमीन पुन्हा वर गोठत येते. पण जेथे जमिनीत बर्फाचे मोठे पाचर आहेत, विशेषतः येडोमा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिमयुगातील गाळाच्या जमिनीत, तेथे बर्फ वितळले की जमीनच खचते, खड्ड्यांत पाणी साठते, आणि तेथे कुजणाऱ्या पदार्थांतून मिथेन निघू लागतो. त्या ठिकाणी जुनी स्थिती परत येण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. जंगलरेषेच्या उत्तरेला, अलास्काच्या नॉर्थ स्लोपवर, अनाक्तुवुक नदीजवळ २००७ साली टुंड्राचे, म्हणजे झाडे नसलेल्या थंड माळाचे, १,०३९ चौरस किलोमीटर क्षेत्र जळाले आणि सुमारे २१ लाख टन कार्बन हवेत गेला. तेथे जळालेला कार्बन फार जुना नव्हता, जास्तीत जास्त पन्नासेक वर्षांचा. जमीन खचण्याचे परिणाम मात्र पुढच्या वर्षांत दिसत गेले.

या सर्वांचा आकार किती, हे अलीकडच्या दोन वर्षांवरून कळते. जगभरच्या आगींतून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये बोरियल वणव्यांचा वाटा एरवी १० टक्क्यांच्या आसपास असतो. २०२१ मध्ये तो २३ टक्के झाला. २०२३ मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळाले, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्म्याइतके क्षेत्र, आणि उपग्रहाने टिपलेल्या कार्बन मोनॉक्साइडवरून त्यातील कार्बन सुमारे ६४.७ कोटी टन असल्याचा अंदाज निघाला. चीन, अमेरिका आणि भारत सोडले तर कोणताही देश खनिज इंधनांतून एका वर्षात इतका कार्बन सोडत नाही. त्या जूनमध्ये न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीतील मराठी कुटुंबांनी नारिंगी झालेले आकाश पाहिले, तो मुख्यतः क्वेबेकमधील वणव्यांचा धूर होता. सायबेरियाबद्दल मी येथे थोडेच लिहितो. तेथील लार्च आणि पाइनची जंगले बहुतांशी जमिनीलगत जळतात, शेंड्यांपर्यंत आग कमी वेळा जाते, त्यामुळे उत्तर अमेरिकेचे आकडे तेथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. त्यातच २०२२ नंतर पाश्चात्त्य संशोधकांचे तेथील क्षेत्रकाम बहुतांश थांबल्याने ही उणीव वाढली आहे, आणि या विषयातील ती सर्वांत मोठी पोकळी आहे असे मी मानतो.

आता दुसरा प्रश्न. सरसकट विझवणे शक्य नाही आणि इष्टही नाही. अंतरे प्रचंड आहेत, रस्ते जवळजवळ नाहीत, एका वादळात शेकडो ठिकाणी वीज पडते, आणि माणसे व गावे वाचवण्यालाच आधी हात लागतात. २०२३ मध्ये यलोनाइफ हे सुमारे वीस हजार वस्तीचे शहर रिकामे करावे लागले, तेव्हा दूरच्या दलदलीतील आगीकडे कोण पाहणार? शिवाय सर्व आगी दडपल्या तर स्प्रूसचे जंगल म्हातारे आणि सलग होत जाते, आणि पुढची आग अधिक मोठी होण्याची शक्यता वाढते. अलास्कात याच कारणाने प्रदेशांची वर्गवारी केलेली आहे: गावांजवळ पूर्ण विझवणे, दूरच्या रानात केवळ नजर ठेवणे.

परंतु काही ठिकाणी निवडून विझवणे परवडते, असे संशोधन आता सांगते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अलास्कात वणव्यांवरील नियंत्रण वाढवून एक टन कार्बन डायऑक्साइड रोखण्याचा खर्च सरासरी १३ डॉलरच्या आसपास निघाला, जो उत्सर्जन कमी करण्याच्या अन्य अनेक उपायांच्या तुलनेत कमी आहे. जमिनीखाली हिवाळाभर धुमसत राहून वसंत ऋतूत पुन्हा डोके वर काढणाऱ्या आगींचे उदाहरण तर फार स्पष्ट आहे. अलास्का आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये २००२ ते २०१८ या काळात जळालेल्या क्षेत्रात त्यांचा वाटा १ टक्क्याहूनही कमी होता, पण २००८ साली अशा एकाच आगीने अलास्कातील त्या वर्षीच्या जळालेल्या क्षेत्राचा ३८ टक्के भाग व्यापला. अशा आगी आधीच्या वर्षीच्या वणव्याच्या कडेलाच, विजांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी उठतात. कोठे आणि केव्हा पाहायचे हे आधीच ठाऊक असते, त्यामुळे लहान पथकही त्या वेळेत विझवू शकते.

२०२३ मध्ये युकॉन फ्लॅट्स राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानाने सुमारे साडेसहा लाख हेक्टर येडोमा जमिनीची वर्गवारी बदलली. पूर्वी तेथील आगींवर केवळ लक्ष ठेवले जात असे. आता उन्हाळ्याच्या सुरुवातीच्या काळात त्या विझवण्याचा प्रयत्न होतो, आणि कारण म्हणून जमिनीतील बर्फ व कार्बन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. गाव, लाकूड किंवा शिकारीची जागा यांसाठी नव्हे, तर जमिनीसाठी आग विझवण्याचा निर्णय मी माझ्या कारकिर्दीत प्रथमच पाहिला. तो योग्य आहे असे मला वाटते, आणि त्याच्या सोबतीने माझी एकच मागणी राहील: ज्या तरुण जंगलांत मागची आग साठ वर्षांच्या आत होऊन गेली आहे, त्यांचे नकाशे अशाच वर्गवारीत घ्यावेत, कारण तळाचा वारसा सर्वांत आधी तेथेच उघडा पडतो.